दारू सुटते, पण कशी?

आपल्या वस्तीतील एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला विहारात सर्वांसमक्ष सांगितले, "आजपासून थेंब घेणार नाही." टाळ्या झाल्या. वीस वर्षे रोज पिणारा माणूस खरोखरच थांबला. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, घामाने अंथरूण भिजले. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ते ओरडू लागले व बायकोलाही ओळखेनात. शेजारच्यांनी "बाहेरचे लागले" असे निदान केले. एका परिचारिका ताईंनी हट्टाने रिक्षा बोलावून त्यांना सरकारी रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले.

पंचशीलातील पाचवे शील आपण सारेच म्हणतो. परंतु शील मोडणाऱ्याला दोष देणे वेगळे आणि रोग्यावर उपचार करणे वेगळे. ज्या 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने मद्यासक्ती हा आजार आहे, अशा रुग्णांनाही रुग्णालयांनी दाखल करून घ्यावे, अशी भूमिका घेतली. आपल्या देशात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे 2 कोटी 90 लाख लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा 38 जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो.

त्या गृहस्थांना झाले ते काय? रोजच्या दारूने मेंदूचे काम मंदावते. त्याला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकाएकी बंद झाली की ही उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दिवसापासून थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, बडबड, ताप. यात मृत्यूही येऊ शकतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर ज्याला घ्यावी लागते, किंवा पूर्वी ज्याला फिट आली आहे, त्याने घरच्या घरी अचानक सोडू नये. रुग्णालयात डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या गोळ्या देऊन त्या आठवडाभरात कमी करत आणतात. सोबत बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घ्यायला धावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अशा रुग्णाला बी-1 आधी हवे.

शरीरातील दारू गेली म्हणजे उपचार संपला, हा समज सर्वात घातक होय. घरी आल्यावर ओढ परत येतेच. ती कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन व अ‍ॅकाम्प्रोसेट ही औषधे आहेत. यकृत फार बिघडले असेल तर पहिले बहुधा टाळतात आणि मूत्रपिंडे बिघडली असतील तर दुसरे. तेव्हा रक्ततपासणी करूनच डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम हे जुने औषध ओढ कमी करत नाही, धाक घालते. गोळी घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो.

आमच्या भगिनींना येथे हात जोडून सांगणे आहे की, ही गोळी नवऱ्याच्या भाजीत किंवा चहात गुपचूप मिसळू नका. त्याने नकळत प्यायली तर जीव जाऊ शकतो. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती लावून पुड्या विकणारे त्यात काय घातले आहे ते सांगत नाहीत. तुमचा संताप रास्त आहे, पण हा मार्ग नव्हे.

औषधाच्या जोडीला माणसाचे बोलणे लागते. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे गटचर्चा, समुपदेशन, व्यायाम आणि दारू सोडलेल्या माणसांचाच सहवास यांवर भर राहिला. पत्नीला व मुलांनाही त्यात सामावून घेतले जाते. कारण कर्ज, मार आणि अबोला यांनी घरही आजारी पडलेले असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली चळवळ. तिच्या सभांना फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि ज्या समाजात आडनावावरून जात शोधली जाते तेथे ही लहान गोष्ट नव्हे.

कोंडून ठेवणारी, मारझोड करणारी केंद्रेही आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारूमुळे होणारे मानसिक विकारही येतात. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारूनच पैसे भरावेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात कमी खर्चात उपचार होतात. सरकारचा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक 14446 हा निःशुल्क आहे.

वर उल्लेखिलेले गृहस्थ त्यानंतर दोनदा घसरले. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच मुलाला सांगितले, "मला परत त्या डॉक्टरकडे ने." आता ते दर रविवारी विहारात सतरंज्या घालायला येतात, आणि नव्याने सोडणाऱ्याला आधी विचारतात, "रात्री हात कापतात का?"