मोबाईल फोन आणि पिकाची नोंद

कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या कोणत्याहि गांवीं गेलें तरी बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातीं आज मोबाईल दिसतो. हें यंत्र मुख्यतः बोलण्याकरितां आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु गेल्या कांहीं वर्षांत त्याच्याकडे दप्तराचेंहि काम आलें आहे. तें काम आमच्या जुन्या नोकरीच्या परिचयाचें असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

प्रथम या यंत्राचा इतिहास पाहूं. बिनतारी संदेश पूर्वींहि जात. पण एकाच मनोऱ्यावर सबंध शहर सांभाळावयाचें म्हटलें म्हणजे एका वेळीं थोड्याच लोकांस बोलतां येई. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत अशी कल्पना निघाली कीं, मुलुखाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकास निराळा मनोरा द्यावा. तलाठ्याचा जसा सजा, तसाच हा मनोऱ्याचा सजा. माणूस चालत एका सज्यांतून दुसऱ्या सज्यांत गेला कीं पहिला मनोरा त्याचें बोलणें दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ३ एप्रिल १९७३ रोजीं मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हातांतील फोनवरून पहिलें संभाषण केलें. त्या फोनचें वजन सुमारें एक किलो होतें. आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवर बोलून या सेवेचा आरंभ केला. तेव्हां आलेल्या फोनासहि पैसे पडत. २००३ सालीं येणारे फोन फुकट झाले व पुढें हें यंत्र खेड्यांत झपाट्यानें पसरलें.

दप्तराच्या कामाचा पहिला प्रयोग आपल्या शेजारींच झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गांवांकरितां १९९८ सालीं संगणकांची योजना निघाली. आपल्या उसाचें वजन किती भरलें हें शेतकऱ्यास गांवींच कळूं लागलें. पुढें बंगलोरच्या संशोधकांनीं सात गांवांत संगणकाऐवजीं मोबाईलच्या लेखी संदेशानें तीच माहिती देऊन पाहिली. त्याचा वृत्तान्त २००७ सालीं प्रसिद्ध झाला. तेंच काम थोड्या खर्चांत होतें, असें त्यांस आढळलें.

परंतु सर्वांत मोठा फेर १५ ऑगस्ट २०२१ रोजीं झाला. त्या दिवशीं महाराष्ट्र सरकारनें ई-पीक पाहणी सुरू केली. गांव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, तलाठ्यानें शिवारांत हिंडून भरावी अशी पूर्वींची रीत. रीत चांगली, पण गांवें अनेक आणि तलाठी एक, म्हणून कांहीं ठिकाणीं ती पाहणी चावडींत बसूनच होई. आमच्या नोकरींत एक वृद्ध गृहस्थ कचेरींत आले होते. रानांत द्राक्षबाग उभी, आणि उताऱ्यावर जोंधळा! ती दुरुस्ती होईपर्यंत कर्जाचा हंगाम निघून गेला. कागद आमच्याच मेजावर पडून होता, हें लिहितांना आजहि संकोच वाटतो.

आतां शेतकऱ्यानें स्वतः आपल्या गटांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें, आणि पिकाचें नांव, क्षेत्र, लागणीची तारीख व पाण्याचें साधन भरावयाचें. जागेचे अक्षांश-रेखांश छायाचित्राबरोबर आपोआप नोंदले जातात. पीककर्ज, पीकविमा, हमीभावाची खरेदी, आपत्तीची भरपाई, या सर्व कामीं ही नोंद पाहिली जाते. म्हणजे लेखणी कारकुनाच्या हातून निघून मालकाच्या हातीं आली. आणि लेखणीबरोबर चुकीची जबाबदारीहि आली.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. मुदतीच्या अखेरच्या दिवसाची वाट पाहूं नये. त्या वेळीं सर्वांचीच गर्दी उसळते. डोंगरी भागांत रेंज नसल्यास शेतांत माहिती भरून ठेवावी व रेंज मिळतांच ती पाठवावी. मिश्र पीक असल्यास दोन्ही पिकें लिहावीं. पुढें सातबाराचा उतारा काढून नोंद चढली कीं नाहीं हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. शेतांत न जातां दुसऱ्याकडून नोंद उरकून घेणें म्हणजे जुन्या चावडींतील पाहणी आपल्याच घरीं आणणें होय.

कित्येक वृद्धांपाशीं व एकट्या बायांपाशीं असा फोन नाहीं. ज्याच्या हातीं तो आहे, त्यानें आपली नोंद आटोपल्यावर शेजारच्या बांधावरहि जावें, मालकास बरोबर घ्यावें आणि त्याच्यासमक्ष त्याची नोंद करून द्यावी. पूर्वीं कागद वाचतां येणारा मनुष्य गांवांतील इतरांचे कागद वाचून देत असे; त्यांतलाच हा प्रकार आहे.