किल्ली कुणापाशी?

तीन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने त्यातली डिस्क काढून स्वतःच्या संगणकाला जोडली आणि माझे फोल्डर एकेक करून उघडून दाखवले. "काका, सगळं शाबूत आहे," तो आनंदाने म्हणाला. मी मात्र हादरलो. रोज सकाळी मी टाकतो तो पासवर्ड त्याने विचारलाही नव्हता. त्या फोल्डरांत एका दिवंगत लेखिकेच्या खासगी पत्रांची छायाचित्रे होती. घरच्यांनी ती विश्वासाने माझ्या स्वाधीन केली होती.

मी संगणकतज्ज्ञ नव्हे. जे कळले ते वाचून, चुकून आणि पुन्हा करून. डिस्कचे कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, सुरू नसेल तर सुरुवातीचा पासवर्ड हा नुसता दारावरचा रखवालदार असतो. डिस्क बाहेर काढली की रखवालदार मागे राहतो. फोल्डर 'लपवणे' म्हणजे तर पडदा ओढणे. किल्लीवाचून मजकूरच वाचता येऊ नये, अशी व्यवस्था कूटलेखनाने होते.

मराठीला ही कल्पना नवी नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या वाचकांना ते शतकानुशतके बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती सकळ लिपीचा उलगडा आला आणि जुन्या मराठी गद्याचे दालन उघडले. अशा लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते. एकदा तक्ता हाती लागला की त्या लिपीतली सगळी पोथी वाचता येते.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनाविषयी लिहिताना एक तत्त्व मांडले: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आज सर्वत्र वापरली जाणारी एईएस ही पद्धत तशीच आहे. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या संशोधकांनी ती रचली, अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची कृती कुणालाही वाचता येते. मात्र २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ आकडी संख्या लागते.

मी व्हेराक्रिप्ट हा मोफत प्रोग्राम वापरतो. तो डिस्कवर ठरावीक आकाराची एक बंद पेटी तयार करतो. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, काम संपल्यावर बंद करायची. पत्रे पेटीत ठेवली तरी बाहेरची मूळ प्रत तशीच उरते, आणि नुसती डिलीट केलेली फाइल पुष्कळदा परत मिळवता येते. पहिल्या महिन्यात माझ्या हे ध्यानातच आले नव्हते.

पेटी कितीही भक्कम असली तरी पासवर्ड दुबळा असेल तर उपयोग नाही. चार आकड्यांच्या शक्यता अवघ्या १०,०००. साहित्यप्रेमी माणसाला आवडत्या अभंगाची ओळ सुचते. पण छापलेली ओळ संगणकाच्या यादीतही असू शकते. त्यापेक्षा पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडावा, असे सहा शब्द घ्यावेत. शक्यता होतात सुमारे २२ वर २२ शून्ये. सहा असंबद्ध शब्दांची एखादी वेडगळ गोष्ट रचली की ते पाठही होतात.

आता उलट बाजू. हा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारे कार्यालय जगात कुठेही नाही. पेटी कायमची बंद. महानुभावांच्या पोथ्या उघडल्या, कारण लिपीचे ज्ञान पंथातल्या महंतांनी परंपरेने जपले होते. माझ्या लॅपटॉपला अशी परंपरा कुठली? उद्या मी नसलो तर ती पत्रे चोरापासून सुरक्षित राहतील, आणि मराठी वाचकापासूनही.

म्हणून ते सहा शब्द मी कागदावर लिहिले, पाकीट मोहोरबंद केले आणि लेखिकेच्या नातीकडे दिले. पेटीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर तिच्याच घरी आहे. पत्रे केव्हा उघडायची, हे ती ठरवील. शेवटी ती तिच्या आजीची आहेत.