लग्नपत्रिकेत नाव कोणाचे?

लग्नपत्रिका कशी लिहावी हे सांगावयास व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. बल्लारपुरात तर हा प्रश्न अधिकच शोभेल. १९४५ साली येथील कागद कंपनी स्थापन झाली, आणि रानातल्या बांबूचा लगदा व लगद्याचा कागद ही या गावाची ओळख झाली. परंतु कागद कसा होतो हे जाणणारे आपण, त्या कागदावर कोणाचे नाव छापावे याचा विचार फारसा करीत नाही. आमच्या मते पत्रिकेची सारी रीत या एका प्रश्नात आली.

पत्रिकेचे भाग चार : माथ्यावरचे स्मरण, वधूवरांची नावे, वेळ व स्थळ, आणि शेवटी निमंत्रक.

माथा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. खाण, कागद आणि रेल्वे यांमुळे आमच्या गावात नाना तऱ्हेची माणसे आली. कोणाच्या पत्रिकेवर गणपती असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या वेळच्या चांद्यात धम्मदीक्षा दिली; बौद्ध घरांतल्या पत्रिकेवर तथागत व बाबासाहेब असतात आणि 'मंगल परिणय' हे शब्द येतात. गोंड घरी 'जय सेवा' लिहितात, तेलुगू घरी पत्रिकेलाच 'शुभलेख' म्हणतात. यांत उच्चनीच काही नाही.

नावे पूर्ण व शुद्ध लिहावीत. विवाहनोंदणीच्या वेळी पुष्कळदा पत्रिकाही मागतात. तेथे घरगुती नाव चालत नाही. वेळेचेही तसेच. नुसते 'गोरज मुहूर्तावर' लिहिले, तर दुसऱ्या पाळीच्या माणसाने रजा कशाच्या आधारे मागावी? मुहूर्त हवा तर असो, पण घड्याळाची वेळ, वार आणि जेवणाची वेळ स्पष्ट असावी.

आता निमंत्रक. येथेच खरी मेख आहे. वडील हयात असले की आईवडिलांची नावे जोडीने येतात. वडील वारलेले असले, की मजकूर बदलतो. 'कै. अमुक यांची कन्या' असे छापतात, निमंत्रक म्हणून काका किंवा मामा पुढे होतो, आणि आईचे नाव एक तर नाहीसे होते, नाही तर खाली बारीक अक्षरांत 'गं. भा.' लावून येते. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, शब्द पवित्र खरा, पण त्याचा उपयोग बाई विधवा आहे हे चारचौघांत सांगण्यापुरता. विधुर पुरुषाच्या नावामागे असे कोणते अक्षर लावतात? एकही नाही.

खाणीत नवरा गेल्यावर त्याच्या जागी आश्रित म्हणून कामाला लागलेल्या बाया आमच्या या पट्ट्यात आहेत. पगार तिचा, लग्नासाठी काढलेले कर्ज तिच्या नावावर, मुलीची फी तिने भरलेली. आणि बोलावणे मात्र दिराच्या नावाने! मजुरीच्या पावतीवर जिचा अंगठा चालतो, तिचे नाव पत्रिकेवर का चालू नये?

ही रीत बदलता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. उलट २०२३ च्या एप्रिलात सरकारातूनच 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' योजण्याची सूचना पुढे आली, तेव्हा तिच्यावर चोहोकडून टीका झाली. बायांना नवे बिरुद नको होते. त्यांना माणसाचे साधे नाव हवे होते.

म्हणून आमचे सांगणे असे. आई निमंत्रक असेल तर तिचे नाव पहिले घालावे, इतरांच्याच अक्षरांत, मागे 'श्रीमती' लावावे किंवा काहीच लावू नये. वडिलांचे स्मरण माथ्याशी करावे. काका-मामांना 'आपले नम्र' म्हणून खाली मानाची जागा आहेच. छापखान्यात मजकूर देताना जुनी पत्रिका पुढे करून 'अशीच छापा' म्हणू नये. मजकूर घरी बसून, आईला विचारून, हाताने लिहून न्यावा. छापण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवावा.

वाटण्याविषयी एकच. हल्ली मोबाइलवर पत्रिकेचे चित्र धाडतात. दूरच्यांना ते ठीक, पण वडीलधाऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन अक्षत द्यावी, निदान फोन तरी करावा. आणि खात्यातल्या कायम कामगाराला हळदकुंकू लावलेली पत्रिका, पण शेजारी घमेले उचलणाऱ्या ठेकेदारी मजुराला नुसते 'ये बरं का', असे करू नये. पत्रिका कमी पडत असतील तर साध्या कागदाच्या छापाव्यात. जाड व सोनेरी कागदाचे पैसे वाचवून शंभर माणसे अधिक बोलावता येतात, आणि ज्याच्या हाती पत्रिका पडली त्याला आपण मोजलेले आहोत हे कळते.