प्रोसेसची वंशावळ

लिनक्सवर चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला क्रमांक मिळतो, तो पीआयडी. प्रोसेस आपोआप उभी राहत नाही. आधी चालू असलेली दुसरी एखादी तिला सुरू करते, आणि त्या पालकाचा क्रमांक म्हणजे पीपीआयडी. भोर-वेल्ह्यात वारसनोंद करताना तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागते. संगणक अशी वंशावळ क्षणाक्षणाला स्वतःच लिहीत असतो. तिच्या मुळाशी पीआयडी १ असलेली प्रोसेस असते. आजच्या बहुतेक लिनक्सवर ती सिस्टिमडी.

ही नोंद दाखवणारी कमांड पीएस. सी-डॅकने २००७ साली आणलेली बॉस लिनक्स असो की उबुंटू, टर्मिनल उघडून लहान रोमन अक्षरांत ‘पीएस -ईएफ’ टाइप करावे. एका ओळीत एक प्रोसेस दिसते: कोणाची, पीआयडी, पीपीआयडी, सुरू झाल्याची वेळ आणि शेवटी कमांड. बहुधा तळाशी खुद्द पीएसच सापडते. तिचा पीपीआयडी धरून वर गेले की कमांड चालवणारी बॅश लागते, बॅशच्या वर टर्मिनल, आणि असे चढत चढत १.

हा माग हाताने काढण्यापेक्षा ‘पीएसट्री -पी’ सोयीचे. ती फांद्या काढून, क्रमांकांसह सगळी उतरंड दाखवते. तिचा खरा उपयोग मशीन अडकल्यावर कळतो. ब्राउझरच्या एकाच नावाच्या वीस-पंचवीस ओळी पीएसमध्ये दिसतात. पालक कोण, हे पीएसट्रीत लगेच उमगते. पालक बंद पडला तरी मुले बंद होतीलच असे नाही. पोरक्या प्रोसेस सहसा पीआयडी १ कडे दत्तक जातात. ‘डिफंक्ट’ असा शेरा असलेली प्रोसेस मात्र संपलेलीच असते. पालकाने तिचा निकाल वाचलेला नसतो, म्हणून नोंद उरते. तिला मारता येत नाही, पालकाकडेच पाहावे लागते.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. अशा फोनवरचे प्रत्येक ॲप झायगोट नावाच्या प्रोसेसपासून जन्मते. अँड्रॉइड ७ पासून मात्र एका ॲपला दुसऱ्याच्या प्रोसेस दिसत नाहीत, आणि सुरक्षेसाठी ते योग्यच आहे.

अडकलेली प्रोसेस बंद करण्यापूर्वी तिचा पालक आणि मुले पाहावीत. आधी साधे ‘किल’ आणि पीआयडी द्यावा. त्यात प्रोग्रॅमला फाइली नीट बंद करायला वेळ मिळतो. ‘किल -९’ तो वेळ देत नाही, म्हणून ते शेवटीच वापरावे.