तापाची गोळी उष्माघातात का चालत नाही?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय निघाला एका श्रोत्याच्या प्रश्नावरून. नागपूरहून त्यांनी विचारलं, "दादा, मे महिन्यात शेतातून आलेल्या माणसाचं अंग तापलं की आमच्याकडे आधी पॅरासिटामॉल देतात. एरवी ताप उतरतो, मग ऊन लागल्यावर का उतरत नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण गोळीच्या भरवशावर तासभर गेला तर माणूस हातचा जाऊ शकतो. याचं उत्तर आपल्या १ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापाशी सापडतं. त्याचं नाव पीटीजीईआर३.

जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. या कृतीतून बनतं ईपी३ नावाचं प्रथिन. ते पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेलं असतं. बाहेरच्या बाजूनं एक विशिष्ट रेणू येऊन त्यात बसला की आत निरोप जातो. अशा प्रथिनाला रिसेप्टर, मराठीत ग्राही म्हणतात. ईपी३ मध्ये बसणारा रेणू आहे प्रोस्टाग्लँडिन ई२, थोडक्यात पीजीई२. याच रेणूसाठी आपल्याकडे असे चार ग्राही आहेत, ईपी१ ते ईपी४.

आता ताप कसा येतो ते बघू. जंतू शिरले की रोगप्रतिकारक पेशी रक्तात रासायनिक संदेश सोडतात. ते मेंदूतल्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात आणि तिथे पीजीई२ तयार होतो. तो हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या चेतापेशींवरच्या ईपी३ मध्ये जाऊन बसतो. या चेतापेशी एरवी शरीराची उष्णता वाढू न देण्याचं काम करत असतात. निरोप मिळाला की त्या गप्प होतात. मग कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते आणि आपण चादर ओढून घेतो. म्हणजे बघा, ताप हा बिघाड नाही. तो मेंदूनं दिलेला हुकूम आहे!

हे कळलं कसं? १९९८ साली जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या चार जाती तयार केल्या. प्रत्येकीत चारपैकी एकेक ग्राही नव्हता. मग ताप आणणारे पदार्थ टोचले. तीन जातींना ताप आला. ईपी३ नसलेल्या उंदरांना आलाच नाही.

आता गोळीकडे येऊ. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पॅरासिटामॉलही मेंदूतला पीजीई२ कमी करतं. म्हणजे गोळी थेट उष्णतेवर काम करत नाही. ती ईपी३ पर्यंत जाणारा निरोप अडवते. हुकूम रद्द झाला की घाम फुटतो आणि ताप उतरतो.

उष्माघातात मात्र असा हुकूम निघालेलाच नसतो. फ्रिजचं उदाहरण घ्या. कोणी काटा फिरवला म्हणून आतली थंडी कमी झाली, तर काटा परत फिरवून काम होतं. पण काटा जागेवर आहे, दार सताड उघडं आहे आणि बाहेर ४५ अंश आहे, तर काटा फिरवून काय उपयोग? ताप म्हणजे फिरवलेला काटा, उष्माघात म्हणजे उघडं दार. मेंदूला ३७ अंशच हवे असतात, पण शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. रद्द करायला हुकूमच नाही, तर गोळी करणार काय? उलट उष्माघातात यकृताला आधीच इजा होऊ शकते, त्यात पॅरासिटामॉलचा भार पडतो.

म्हणून मी एवढंच सांगेन. उन्हात राबलेल्या माणसाचं अंग भट्टीसारखं तापलंय आणि तो असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय किंवा बेशुद्ध झालाय, तर गोळी शोधू नका. १०८ ला फोन करा. सावलीत आणा, कपडे सैल करा किंवा काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. कष्टाचं काम करताना झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो. ताप की उष्माघात, हे ठरवण्यात वेळ घालवू नका. आधी गार करा, निदान डॉक्टर करतील.

जाता जाता एक गोष्ट. ईपी३ फक्त तापासाठी नाही. जठरात तो आम्ल कमी करायला मदत करतो, गर्भाशयात आकुंचनाला. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन शरीरभर कमी करतात, म्हणून त्या रिकाम्या पोटी घेतल्या की अनेकांच्या पोटात जळजळतं.

हा भाग शेतात, बांधकामावर, रस्त्यावर काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांपर्यंत नक्की पोचवा. भेटू पुढच्या भागात!