डुकराच्या पेशी आणि मातीतली औषधे

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात बर्नहार्ड हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. माकडांना आधी मधुमेही केले गेले, मग डुकराच्या स्वादुपिंडातल्या पेशी त्यांच्या यकृतात सोडल्या. ती माकडे बाहेरून इन्शुलिन न घेता शंभराहून अधिक दिवस राहिली. गाजावाजा झाला तो डुकराचा. खरी कामगिरी पाच औषधांची होती.

डुक्करच का, हा प्रश्न साहजिक आहे. डुकराच्या इन्शुलिनमध्ये आणि आपल्या इन्शुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक असतो. मानवी इन्शुलिन बाजारात येण्याआधी आपल्याकडच्याही कित्येक रुग्णांनी गायी-डुकरांचेच इन्शुलिन वर्षानुवर्षे टोचून घेतले आहे. दुसरे कारण टंचाईचे. टाइप-१ मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशी मारून टाकते. या पेशी स्वादुपिंडात लहान लहान पुंजक्यांनी असतात, त्यांना लँगरहॅन्सची बेटे म्हणतात. मृत दात्याच्या स्वादुपिंडातून ही बेटे वेगळी करून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडता येतात. कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या गटाने २००० मध्ये सात रुग्णांवर ते यशस्वी करून दाखवले. पण एकेका रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांची बेटे लागली. इतके दाते आणायचे कुठून? डुकरे मात्र हवी तितकी पाळता येतात.

अडचण वेगळीच आहे. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात डॉक्टरांनी मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. तो तीन दिवसांत गेला. तेव्हा इन्शुलिनचा शोध लागायचा होता आणि शरीर परके मांस का झिडकारते हेही कुणाला ठाऊक नव्हते. आज एवढे कळते की हल्ला एकदाच होत नाही. बेटे रक्तात पडताच काही मिनिटांत त्यांच्याभोवती गुठळ्या धरू लागतात आणि पहिल्याच दिवशी त्यांतली बरीच वाया जातात. माणसाच्या बेटांचेही हेच होते. परक्या प्रजातीच्या पेशींविरुद्ध रक्तात आधीपासून असलेली प्रतिपिंडे यात भर घालतात. एवढ्यातून जी बेटे वाचतात, त्यांच्यामागे पुढच्या दिवसांत टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी लागतात. प्रत्येक टप्प्यावर वेगळे औषध लागते ते यामुळे.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या या औषधांचे मूळ शोधत गेले की माणूस मातीत आणि बुरशीत पोचतो. सायक्लोस्पोरिनची बुरशी नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीत सापडली, टॅक्रोलिमसचा जिवाणू जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत. रॅपामायसिन आले थेट प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरून. १९६४ मध्ये तिथे गेलेल्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने मातीचे नमुने आणले होते. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल यांनी त्यातल्या जिवाणूपासून हे द्रव्य वेगळे केले. शोध चालला होता बुरशीनाशकाचा, आणि हे द्रव्य प्रतिकारशक्तीही दाबते म्हटल्यावर ते मागे पडले. कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. दोष म्हणून बाजूला पडलेला तो गुण पुढे कामाला आला आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हेरिंग यांच्या माकडांना दिलेले एव्हरोलिमस हे त्याचेच भावंड. त्याच प्रयोगातल्या एफटीवाय-७२० चे मूळ कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीत आहे. ते लढाऊ पेशींना मारत नाही, लसिकाग्रंथींतून बाहेर पडू देत नाही. आणखी एक गंमत म्हणजे, माकडांच्या बीटा पेशी मारून त्यांना मधुमेही करायला वापरतात ते स्ट्रेप्टोझोटोसिनही मातीतल्या जिवाणूचेच. रोगही मातीतून आणि उताराही मातीतून.

उरलेल्या तीन औषधांत एक संधिवाताचे लेफ्लुनोमाइड होते आणि दोन प्रतिपिंडे होती. त्यांतल्या सीडी-१५४ या रेणूला अडवणाऱ्या प्रतिपिंडावर माझ्या मते सगळी मदार आहे. टी-पेशीला हल्ल्यासाठी एक इशारा पुरत नाही. बँकेचा लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसा तिला परका ओळखल्यानंतर दुसरा दुजोरा लागतो. हे प्रतिपिंड ती दुसरी किल्लीच काढून घेते. दक्षिण कोरियातल्या सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या आधाराने डुकराची बेटे माकडात सहाशेहून अधिक दिवस चालती ठेवली. ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग हे औषध रुग्णांच्या वापरात का आले नाही? कारण सीडी-१५४ रक्तातल्या बिंबिकांवरही असतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माणसांवरच्या चाचण्यांत काहींच्या रक्तात गुठळ्या झाल्या आणि काम थांबले. आता त्या प्रतिपिंडाचे शेपूट बदलून नवी रूपे तयार झाली आहेत. त्यांतले टेगोप्रुबार्ट शिकागो विद्यापीठात मानवी बेटांचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिले जात आहे. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनला जिवंत माणसात प्रथमच जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड बसवले गेले, त्या रुग्णालाही ते दिले होते.

टॅक्रोलिमस असताना हा आटापिटा कशासाठी, असे कुणी विचारेल. टॅक्रोलिमस प्रत्यारोपण टिकवते खरे, पण बीटा पेशींनाच इजा करते. मूत्रपिंड बदललेल्या काही रुग्णांना त्यामुळे नव्याने मधुमेह जडतो. ज्या पेशी जगवायच्या त्यांनाच औषधाने मारायचे, हा व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही. वर मूत्रपिंडावर ताण, जंतुसंसर्ग आणि कर्करोगाचा वाढीव धोका आहेच. डुकराच्या जनुकांत दडलेले विषाणू मानवी पेशींना संसर्ग करू शकतात, हे १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दिसले होते. दाबलेल्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णात तो विचार बाजूला ठेवता येत नाही.

दरम्यान स्पर्धकही आले आहेत. व्हर्टेक्स कंपनीने मूलपेशींपासून बनवलेल्या बेटांनी बारापैकी दहा रुग्णांचे इन्शुलिन वर्षभरात सुटले, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या रुग्णांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या हातात टोचलेली जनुके बदललेली मानवी बेटे अशा औषधांवाचून तगली, हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. हा मार्ग चालला तर डुकराचे महत्त्व कमी होईल, किंवा तेच बदल डुकरात करून त्याचे महत्त्व वाढेलही.

माझे मत विचाराल तर इन्शुलिनवर साखर बरी सांभाळणाऱ्या माणसाने जन्मभराच्या या औषधांच्या बदल्यात सुई सोडावी, असा सौदा आज फायद्याचा नाही. साखर एकदम खाली जाऊन कळायच्या आत बेशुद्ध होणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेतल्यामुळे ही औषधे आधीच घेत असलेल्यांचाही. भारतात डुकराच्या पेशींचा असा कोणताही मान्यताप्राप्त उपचार उपलब्ध नाही. तशी जाहिरात कुठे दिसलीच, तर पैसे मोजण्याआधी आपल्या मधुमेहतज्ज्ञांना विचारा, आणि तोवर इन्शुलिन एक दिवसही चुकवू नका.