मोटारीची निवड आणि गावाकडचा रस्ता

मोटार ही रस्त्यावाचून अपुरी वस्तू आहे. आगगाडीच्या इंजिनासाठी रूळ मुद्दाम घातलेले असतात. मोटारीला मात्र जो रस्ता वाट्याला येईल त्यावरून जावे लागते. असे असूनही मोटार विकत घेणारा मनुष्य पुष्कळदा गाडीचेच बारकाईने निरीक्षण करतो आणि जिच्यावरून ती रोज धावणार त्या वाटेचा विचार करीत नाही. कुटुंबाने कित्येक वर्षे शिल्लक टाकून जमविलेला पैसा त्यामुळे नको तेथे खर्च होतो. क्वचित जिवावरही बेतते. रस्त्यावरून गाडी कशी पारखावी, हे चंडीगढ शहराच्या उदाहरणावरून चांगले समजून येते.

शहराचे रस्ते व खेड्यांचे रस्ते

चंडीगढच्या आखणीचे काम ल कॉर्ब्युझिए ह्या वास्तुविशारदाकडे १९५१ साली आले. सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा ‘सेक्टर’ नावाच्या विभागांत त्याने शहर वाटले आणि रस्त्यांचे सात प्रकार ठरविले. दूरच्या गावांना जोडणारा हमरस्ता हा पहिला प्रकार, तर केवळ पायी चालणाऱ्यांची वाट हा सातवा. शहराभोवतीची शेते शेते म्हणूनच राहावीत, ह्या हेतूने १९५२ साली परिघ-नियंत्रणाचा कायदा करण्यात आला. त्याची मर्यादा प्रथम सुमारे ८ किलोमीटर होती. १९६२ साली ती १६ किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आली. पुढे ह्या पट्ट्यात मोहाली व पंचकुला ही शहरे वसली आणि इतरही पुष्कळ बांधकाम झाले. तरीही शहराचा रुंद, सरळ, दिव्यांनी उजळलेला रस्ता सोडून थोडे पुढे गेले की गव्हाच्या शेतांमधून जाणारी अरुंद डांबरी वाट लागते.

चंडीगढमध्ये राहून खरड किंवा कुराली ह्या गावांच्या पलीकडे एखाद्या खेड्यातील शाळेत अथवा दवाखान्यात नोकरीसाठी जाणाऱ्या व्यक्तीला हे दोन्ही रस्ते रोज तुडवावे लागतात. एकेरी अंतर ३५ किलोमीटर व महिन्याचे कामाचे दिवस २५ धरल्यास वर्षाचा प्रवास २१,००० किलोमीटर होतो. अशा व्यक्तीने लहान मोटार निवडावी ती कोणत्या कसोट्यांवर, हा येथील प्रश्न आहे.

लहान मोटार म्हणजे कोणती

भारतात ‘लहान मोटार’ ह्या शब्दाला करआकारणीने निश्चित अर्थ दिला आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. त्यासाठी लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिनाचे घनमान पेट्रोलच्या गाडीत १,२०० व डिझेलच्या गाडीत १,५०० घन सेंटिमीटरच्या आत असावे, अशी अट होती. वस्तू व सेवा कराच्या पद्धतीतही ही वर्गवारी टिकून राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील कर १८ टक्के करण्यात आला.

ज्या मोटारीचे मागील दार काचेसह वर उचलले जाते, तिला ‘हॅचबॅक’ म्हणतात. ह्या वर्गात लांबीची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरणाऱ्या, आतून ऐसपैस व अधिक सोयींनी युक्त अशा गाड्यांना ‘प्रीमियम हॅचबॅक’ हे नाव पडले आहे. मारुती सुझुकीची बलेनो, ह्युंदाईची आय-ट्वेंटी व टाटांची अल्ट्रोज ही ह्या वर्गाची परिचित उदाहरणे होत. गाडी लहान असल्यामुळे ती अरुंद वाटेवर सहज वळते. त्याच वेळी हमरस्त्यावर स्थिर राहण्याइतकी ती लांब व वजनदारही असते. मात्र ‘प्रीमियम’ म्हणून मोजलेला जादा पैसा कोणत्या भागात खर्ची पडला आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

चाके आणि रस्त्याची कड

एकपदरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग साधारणतः ३ ते ३.७५ मीटर रुंद असतो. ह्या वर्गातील मोटारीची रुंदी आरसे सोडून सुमारे पावणेदोन मीटर भरते. समोरून दुसरी गाडी आली म्हणजे दोघींनाही डावीकडची चाके कच्च्या साइडपट्टीवर उतरवावी लागतात. डांबराची कड पावसाने तुटून खाली जमीन खचलेली असते, आणि तो तीक्ष्ण काठ टायरच्या बाजूच्या भिंतीवर आघात करतो.

टायरवर छापलेले आकडे येथे उपयोगी पडतात. ‘१९५/५५ आर १६’ ह्याचा अर्थ असा की, टायर १९५ मिलिमीटर रुंद आहे, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर आहे आणि आतील धातूच्या चाकाचा व्यास १६ इंच आहे. ‘१८५/६५ आर १५’ ह्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर भरते. गंमत अशी की, दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणजे ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून मोठ्या चाकाने गाडी जमिनीपासून अधिक उंच होत नाही. केवळ रबर व हवा कमी होऊन धातू वाढतो. गुळगुळीत रस्त्यावर असे चाक वळणात अधिक घट्ट वाटते व दिसतेही डौलदार. खड्ड्यात मात्र हादरा कमी शोषला जातो आणि चाकाची कड वाकण्याचा संभव वाढतो. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत हा फरक असल्यास खेड्याच्या रस्त्यासाठी उंच भिंतीचा टायर श्रेयस्कर होय. जादा टायर पूर्ण आकाराचा आहे की तात्पुरत्या उपयोगाचा लहान, हेही पाहून घ्यावे.

गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, हा आकडा पुष्कळदा रिकाम्या गाडीचा दिलेला असतो. चार माणसे बसल्यावर तळ काही सेंटिमीटर खाली येतो. गावाच्या वेशीवरील उंच गतिरोधकाला तळ घासतो की नाही, ह्याची परीक्षा म्हणून भरलेल्या गाडीनेच करावी. शिवालिकच्या डोंगरांतून उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांना त्या भागात ‘चो’ म्हणतात. त्यांचे पाणी रस्त्यावर आले असता तळाच्या उंचीवर विसंबून गाडी आत घालू नये. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि इंजिनाचा दट्ट्या चालविणारा दांडा वाकतो.

धुके आणि थांबण्याचे अंतर

डिसेंबर व जानेवारीत पंजाबच्या मैदानावर दाट धुके उतरते. दृश्यता ५० मीटरपेक्षा कमी झाली म्हणजे हवामानखाते त्यास अतिदाट धुके म्हणते. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत १ सेकंद जातो आणि दवाने ओला झालेला रस्ता दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद एवढाच वेग कमी करू देतो, असे धरू. मग ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २७ मीटरांत थांबते, ६० च्या वेगाची ५१ मीटरांत आणि ८० च्या वेगाची ८४ मीटरांत. वेग दुप्पट झाल्याने अंतर तिपटीहून अधिक झाले. कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एकपदरी वाटेवर ह्याहून कठीण परिस्थिती असते. समोरून येणारी गाडीही त्याच पट्ट्यावर असल्याने दिसणारे ५० मीटर अंतर दोघींमध्ये वाटले जाते, आणि प्रत्येकीला २५ मीटरांच्या आत थांबावे लागते. वरील हिशेबाने त्यासाठी वेग ताशी ४० किलोमीटरहून कमीच हवा. कोणतीही महागडी गाडी हा नियम बदलू शकत नाही.

ब्रेक एकदम दाबला असता चाके जखडू न देणारी यंत्रणा भारतात सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. तिचा मुख्य लाभ असा की, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळविता येते. एक चाक डांबरावर व दुसरे मातीवर असताना गाडी गरकन फिरू नये म्हणून जी यंत्रणा प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावते, तिला स्थैर्य-नियंत्रण म्हणतात. अरुंद रस्त्यासाठी ती छतातील काचेच्या खिडकीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. खाली बसविलेले व रुंद प्रकाश टाकणारे धुक्याचे दिवे पुढे असावेत. मागे धुक्यासाठी वेगळा तांबडा दिवा असल्यास उत्तम.

ट्रॉली ओलांडताना

दुपदरी रस्त्यावर भुशाने फुगलेली ट्रॉली घेऊन ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर हे पंजाबातील नित्याचे दृश्य आहे. त्याच्या मागून निघून सुरक्षितपणे पुढे येण्यास मोटारीला ट्रॉलीच्या तुलनेने सुमारे ४६ मीटर अधिक अंतर कापावे लागते, असे मानू. मोटारीचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंदाने वाढत असेल, तर ह्या कामास साडेनऊ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. तो दीड मीटरने वाढत असेल, तर आठ सेकंदांहून कमी. समोरून ताशी ७० किलोमीटर वेगाने वाहन येत असल्यास पहिल्या गाडीला सुमारे ३०० मीटर रस्ता मोकळा लागतो, दुसरीला सुमारे २५०.

म्हणून इंजिनाच्या कमाल अश्वशक्तीपेक्षा ते मध्यम फेऱ्यांवर चाकाला किती पीळ देते, हे पाहणे अगत्याचे आहे. १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन साधारणतः ११० ते ११५ न्यूटन-मीटर पीळ देते, आणि तोही मिनिटाला ४,००० हून अधिक फेरे झाल्यावर. टर्बो म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे १ लिटरचे इंजिन १,५०० फेऱ्यांपासूनच १७० च्या आसपास पीळ देऊ शकते. साध्या इंजिनाची गाडी वाईट असे नव्हे. तिच्या चालकाने ओलांडण्यापूर्वी खालचा गिअर टाकावा आणि अधिक मोकळा रस्ता दिसेपर्यंत धीर धरावा.

ह्या शक्तीची किंमत इंधनाच्या रूपाने पडते. २१,००० किलोमीटरसाठी लिटरला २२ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस वर्षाला सुमारे ९५५ लिटर, तर १८ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस १,१६७ लिटर इंधन लागते. लिटरला ९५ रुपये भाव धरल्यास हा फरक वीस हजार रुपयांचा होतो. ज्याची वाट बहुतांशी एकपदरी आहे व ज्याला ओलांडण्याचा प्रसंग क्वचित येतो, त्याने हा पैसा वाचविणेच योग्य.

सांगाड्याची बळकटी

सर्व काळजी घेऊनही अपघात घडतो, तेव्हा माणसाचे रक्षण गाडीचा सांगाडा, पट्टा व हवेच्या उशा करतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही परीक्षा सुरू झाली आहे. तीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने दबणाऱ्या अडथळ्यावर अशी आदळवितात की, तिच्या पुढील बाजूचा केवळ ४० टक्के भाग त्यावर आपटावा. अरुंद रस्त्यावर समोरासमोर होणाऱ्या टकरीशी ही रीत पुष्कळ जुळते. निकाल ताऱ्यांच्या रूपाने प्रसिद्ध होतो. तो वाचताना परीक्षेतील गाडी व आपण घेणार तो प्रकार सारखाच आहे ना, हे पडताळावे.

कित्येकदा सुरक्षिततेची साधने सर्वांत महाग प्रकारातच मिळतात. तसे असल्यास त्यासाठी पैसे अवश्य मोजावेत. पण मधल्या प्रकारात ती मिळत असतील, तर शोभेसाठी वर जाण्याचे कारण नाही.

खरी परीक्षा

विक्रेता चाचणीसाठी गाडी देतो ती बहुधा मध्य मार्गासारख्या सपाट रस्त्यावर. तेथे सर्वच नव्या गाड्या चांगल्या वाटतात. घेणाऱ्याने आग्रह धरून ती आपल्या नेहमीच्या वाटेवर न्यावी, आणि रोज जितकी माणसे बसतात तितकी बसवावीत. तुटक्या कडेवरून चाक उतरवून पाहावे, वेशीवरचा गतिरोधक ओलांडावा, अंधार पडल्यावर दिव्यांचा झोत पाहावा आणि वळणावर दारापुढील खांबाआड सायकलस्वार लपतो काय, हे तपासावे.

कोल्हापूर वा सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्याला आणि घाट उतरून कोकणातील शाळेत पोहोचणाऱ्या शिक्षकालाही हीच रीत लागू पडते. फक्त मोजमापे बदलतील. प्रथम रोजच्या वाटेची रुंदी, तिच्या कडा, तेथील धुके, पाणी व वाहने ह्यांची नोंद कागदावर करावी आणि मग तो कागद घेऊन विक्रेत्याकडे जावे. जाहिरातीतील पुष्कळशा गोष्टी त्या यादीत नाहीत, असे त्यावेळी दिसून येईल.